पाल्याशी बोला

“मोबाईलमधी आलंय बाई, पाल्यासंगं रोज बोलत जा म्हणून. आता पाला शेळीला घालायचा का त्याच्यासंगं गप्पा मारत बसायच्या?”

गिरणीत हे बोलणं कानावर पडलं तेव्हा मी ज्वारीचा डबा पायाशी ठेवून रांगेत उभी होते. बोलणाऱ्या भागाआजी होत्या, आमच्या मागच्या गल्लीतल्या. गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून बोलावं लागत होतं, त्यामुळे एकीला सांगितलेलं सगळ्यांनाच कळलं. गिरणीवाले मामा भुवयांवरचं पीठ पुसत म्हणाले, “बोला की आजी. पाला उलटून तरी बोलत न्हाय.” बायका हसल्या. हसणं ऐकून आजींना हुरूप आला. काल म्हणे आणखी एक मेसेज आला होता, पाल्याला रंगांची ओळख करून द्या. हिरव्याबिगर त्याला दुसरा रंग तरी म्हाईत हाय का, असं त्यांनी विचारलं आणि मग मामांनाही धान्य ओतणारा हात थांबवून हसावं लागलं.

शेवटी आजी जरा आवाज उतरवून शेजारणीला म्हणाल्या, की आमची रेश्मा खरंच बसते लिंबाखाली नातीला घेऊन. घरात एक न बोलणारी होतीच, आता तिच्या जोडीला पाला.

मी डब्याचं झाकण उगाच काढलं आणि लावलं. ते दोन्ही मेसेज मी लिहिलेले होते.

‘आपल्या पाल्याशी रोज थोडा वेळ मोकळेपणाने बोला.’ लिहिताना केवढं बरं वाटलं होतं ते वाक्य. पाल्य म्हणजे ज्याचा सांभाळ करायचा ते मूल, हे मला ठाऊक होतं. पाल्य असो की पाला, पुढं ‘ला’ किंवा ‘शी’ लागलं की दोघंही सारखेच दिसतात, हे मात्र त्या दिवशी गिरणीत कळलं. आणि आमच्या गावात पाला म्हटलं की आधी शेळी आठवते, मूल नाही.

चैत्र संपत आला की मला ही गिरणी आठवते. यंदाही कडुलिंब मोहरले आहेत. आमच्या दुकानासमोरच्या झाडाची बारीक पांढरी फुलं बाहेर मांडलेल्या पातेल्यांत पडतात आणि वडील, आमचे अप्पा, दर तासाला पातेली उपडी करून फुंकर मारतात. फुलांचा वास गोड आणि तोंडात धरली तर कडू. रस्त्यावरून भोंगा लावलेली जीप जाते, प्रवेश सुरू, प्रवेश सुरू. शाळेच्या भिंतीला नवा चुना लागतो. अव्वा, म्हणजे माझी आई, गच्चीवर कुरडया घालते आणि मला कावळे हाकायला बसवते, जणू मी अजून सहावीतच आहे. मी हातात फोन घेऊन बसते. उद्याचा मेसेज मनात जुळवत असते. कावळे मला घाबरत नाहीत.

हे काम मिळालं तेव्हा मी नुकतीच कॉलेज संपवून अणदूरला परत आले होते. धाराशिवच्या एका लहानशा संस्थेला मेसेज लिहिणारं कुणीतरी हवं होतं. जूनमध्ये ज्यांची मुलं बालवाडीत बसणार, त्या आईबापांना रोज सकाळी एक मेसेज. साध्या फोनवरही जाईल एवढाच छोटा. चपलांच्या जोड्या मुलाला लावायला सांगा. भाकरी गोल की चौकोनी ते विचारा. एक काम सांगा, मग दोन कामं एकदम सांगा. कामावर घेणाऱ्या वैशालीताईंनी विचारलं होतं, वस्तीवर जाऊन बायकांशी बोलशील का? मी मान हलवली, आणि ती हो म्हणून हलली नव्हती हे त्यांना लगेच कळलं. मग त्या म्हणाल्या, लिहीत जा.

लिहिणं मला जमतं. लिहिताना समोरचं माणूस आपल्या तोंडाकडे पाहत बसलेलं नसतं. आमचं भांड्यांचं दुकान. गिऱ्हाइकाशी घासाघीस अप्पा करणार, लग्नाची वर्दी अव्वा घेणार, आणि भांड्यावर नाव घालायचं काम माझं. त्या विजेच्या लेखणीची टोकदार घरघर सुरू झाली की कुणी माझ्याशी बोलत नाही. नाव काय घालायचं, एवढंच मी विचारते. कुणी सांगतं, अमुककडून तमुकला सप्रेम भेट. कुणी नुसतं एक अक्षर. अख्ख्या गावाची नावं माझ्या हाताखालून गेली आहेत आणि त्यातल्या निम्म्या माणसांनी माझा आवाज ऐकलेला नाही.

शाळा माझी इंग्रजी माध्यमाची, नळदुर्गला. सकाळी व्हॅन दुकानापाशी यायची आणि मी खिडकीजवळची जागा धरायची. शाळेच्या डायरीत पालकांसाठी सूचना यायच्या आणि त्यात मी कधी मुलगी नसायचे, नेहमी ‘युवर वॉर्ड’ असायचे. अप्पांना दोनच वॉर्ड माहीत होते, एक दवाखान्यातला आणि एक ग्रामपंचायतीचा. मग वर्षभर त्यांनी मला पिडलं, काय गं, आज कुठल्या वॉर्डात हायस? प्रगतिपुस्तकावरही तेच. तुमची वॉर्ड शांत आहे, तिने बोललं पाहिजे. दर वर्षी बाई नव्या, वाक्य जुनं. बोललं पाहिजे असं लिहिलेलं वाचून कुणी बोलायला लागल्याचं मी पाहिलेलं नाही. उलट पुढच्या वर्षीच्या बाई आधीचं पान वाचून मगच माझ्याकडे पाहायच्या.

तर मेसेज लिहायला बसले तेव्हा त्या वॉर्डचं मराठी मी शब्दकोशात शोधलं. पाल्य. इस्त्री केल्यासारखा शब्द वाटला. घरातले शब्द मला कागदावर आणायला नको वाटत. अव्वा आळंदकडची, कर्नाटकातली, ती लहान मुलाला कूसू म्हणते. अप्पा लेकरू म्हणतात, आणि त्यांचं लेकरू फार ऐसपैस आहे. लेकरू जेवलं का, असं ते माझ्याबद्दल विचारतात, दुकानात आलेल्या नव्या नवरीबद्दल विचारतात, परवा तर नळ दुरुस्त करायला आलेल्या मिशीवाल्या माणसाबद्दल विचारलं. व्हॅनमध्ये बसताना हे सगळे शब्द मी दुकानाच्या पायरीवर ठेवून जायचे आणि संध्याकाळी उतरल्यावर परत उचलायचे. कधी कधी उचलायचे राहून जायचे.

गिरणीतून आले आणि वैशालीताईंना फोनवर लिहून कळवलं की गावात माझे मेसेज शेळ्यांना लागू झालेत. त्या पोटभर हसल्या असाव्यात, कारण उत्तर बऱ्याच वेळानं आलं. त्यांनी एवढंच विचारलं होतं, तुझ्या घरी काय म्हणतात? दुसऱ्या दिवशीच्या मेसेजमध्ये मी लिहिलं, लेकराशी बोला. लिहून पाठवेपर्यंत अंगावर घरचे कपडे घालून बाजारात गेल्यासारखं वाटत होतं. कुणी काही म्हणालं नाही. गिरणीत हसायला काही उरलं नाही, एवढाच काय तो तोटा झाला.

मला वाटलं विषय संपला. त्या आठवड्यात रेश्मा दुकानात आली.

भागाआजींची ती सून, माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठी असेल. नवरा पुण्याला गाडीवर असतो, सणाला येतो. तिच्या पदराआड चार वर्षांची आरोही होती, जिला सगळे आरू म्हणतात. रेश्मानं झाकणाला कडी असलेला छोटा डबा घेतला. मी लेखणी हातात घेतली आणि नेहमीचा प्रश्न विचारला. ती म्हणाली, नाव आत्ता नको. सासूबाई म्हणतात, आधी शाळेच्या मेळाव्यात पोरगी तोंड उघडते का बघू. उघडलं तर डब्याला नाव, न्हायतर डबा मसाल्याला.

मग ती काउंटरवर वाकून हळूच म्हणाली, “ताई, ते मेसेज तुम्हीच लिवता ना? पाल्याचे?”

माझे कान गरम झाले. मी आता शब्द बदललाय, असं काहीतरी पुटपुटले. ती म्हणाली, बदललेला बी वाचला मी, एकटीच हसले बघा. पण आमी पाल्यासंगंच बोलतो.

मग तिनं सगळं सांगितलं. पहिल्या दिवशी मेसेज वाचून तिला वाटलं, असेल काहीतरी, शिकलेल्या माणसांनी सांगितलंय. दुपारची भांडी झाल्यावर ती आरूला घेऊन लिंबाखाली बसली. एक डहाळी हातात धरली आणि तिच्याशी बोलायला लागली. काय रं लिंबाच्या, जेवला का, आज ऊन लई हाय. आपण येडे झालो असं तिचं तिलाच वाटत होतं. आरू आधी टक लावून बघत राहिली, मग हसली, आणि मग तिनं आईच्या हातातली डहाळी काढून घेतली आणि स्वतःच बोलायला लागली. “तुम्ही लेकराशी बोला म्हणून लिवलं, तसं बी करून बघितलं,” रेश्मा म्हणाली. “तिच्याकडं बघून बोललं की ती गप्प व्हती. पाल्याकडं बघून बोललं की बोलती. आता ह्याला काय करायचं?”

 मला ते फार नीट कळलं, आणि मी डबा कोराच तिच्या पिशवीत घातला.

आरू मुकी नव्हती. आई घरात एकटी असली की बोलायची, तेही थोडं. तिसरं माणूस आलं की ओठ मिटायचे. भागाआजींना तिची काळजी होती, राग नव्हता. हे मला उशिरा समजलं. त्यांचा धाकटा भाऊ लहानपणी बोबडा बोलायचा. शाळेत त्याला बोबड्या नाव पडलं. पुढं जीभ साफ झाली, लग्न झालं, नातवंडं झाली, पण माणूस सरणावर गेला तोसुद्धा बोबड्याच राहून. रेश्मासमोर त्या एकदा म्हणाल्या होत्या, एक वरीस घरात ठेवू, चार जणांत नेऊन मुकी म्हणवून घेण्यापरीस. एकदा नाव पडलं की जात न्हाय. रेश्माचं म्हणणं उलट होतं. घरात ठेवलं तर तेच नाव पडेल, आणि आपणच पाडलं असं होईल. दोघीही बरोबर होत्या, आणि डबा त्यांच्या घरात फळीवर कोरा पडून होता. स्टीलवर घातलेलं नाव घासून जात नाही, हे मलाही माहीत आहे. लोक येतात विचारायला.

त्या उन्हाळ्यात मी एक नवीन सवय लावून घेतली. दुपारी अप्पांचा जेवणाचा डबा घेऊन दुकानात जाताना मागच्या गल्लीनं जायचे. तो रस्ता लांबचा पडतो. अव्वानं एकदा विचारलं, तिकडून सावली आहे असं मी सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं. लिंबाच्या बुंध्याला शेळी बांधलेली असायची. पलीकडं रेश्मा काहीतरी निवडत बसलेली आणि आरू पाठ करून मातीत. तिच्यापुढं सगळ्या जातीचा पाला मांडलेला असायचा. शेवग्याचा गोल पाला तिच्यासाठी चिल्लर होता. रुईचं जाड पान म्हणजे आजी, कारण ते मोडलं की चिकट होतं आणि रडतं. पिंपळाच्या पानाला शेपटी, म्हणून तो पाहुणा, कधीही उठून जाईल असा. मी वेग कमी करायचे, थांबायचे नाही. थांबलं की तिला कळलं असतं.

एकदा तिच्या हातात चिंचेची डहाळी होती. चिंचेचं पान तुम्ही जवळून पाहिलं असेल तर माहीत असेल, मधल्या देठाच्या दोन्ही बाजूंना इवली इवली पानं समोरासमोर, अगदी प्रार्थनेला उभी केल्यासारखी. आरू त्यावर बोट फिरवत होती. ही पोरींची रांग. ही पोरांची. समदी शाळंला निघालीत. एक पान गळून मातीत पडलं होतं. ते तिनं उचलून तळहातावर घेतलं आणि त्याला म्हणाली, “तू का मागं ऱ्हायलास? चल की. बाई मारत न्हायत.”

रेश्मानं मान वर केली नाही. मीही चालत राहिले. दुकानात पोचले तेव्हा अप्पा म्हणाले, लेकरू आज हसतंय का रडतंय? मी म्हटलं, ऊन आहे.

संध्याकाळी बसून मी दुसऱ्या दिवशीचा मेसेज लिहिला. लेकरू खेळताना बोलत असेल तर मध्ये विचारू नका, जवळ बसा. वैशालीताईंनी उलट विचारलं, हे कुठून आणलं? मी लिहिलं, गल्लीतून.

अजूनही मला वाटतं, मुलांना शाळेसाठी तयार करा असं आपण सहज म्हणून जातो, पण तयारी म्हणजे नक्की काय ते त्या उन्हाळ्याआधी मला माहीत नव्हतं. रंग ओळखणं, दहापर्यंत मोजणं, स्वतःचं नाव सांगणं. माझी तर सगळी तयारी होती. रंग इंग्रजीत येत होते, नाव आडनावासकट येत होतं. फक्त कुणी विचारलं की ते सगळं पोटात खाली खाली जायचं आणि वर यायला दुपार व्हायची. विचारणारा तोवर पुढच्या मुलाकडे गेलेला असायचा.

बालवाडीत बसणाऱ्या मुलांचा तो मेळावा सुट्टी लागायच्या आधी होता. शाळेच्या अंगणात चिंचेचं मोठं झाड आहे, त्याच्या सावलीत सतरंज्या टाकल्या होत्या. एका ठिकाणी रंगीत चेंडू, एका ठिकाणी ठोकळे, एका ठिकाणी चित्रं. मुलानं एकेक करत पुढं जायचं. मला संस्थेनं टेबलापाशी बसवलं होतं, आयांचे मोबाईल नंबर टिपून घ्यायला. बोलावं लागणार नाही असं वैशालीताईंनी आधीच कबूल केलं होतं. बायका येत होत्या, नंबर सांगत होत्या, काही जणी पाल्याचा मेसेज आठवून तोंडाला पदर लावत होत्या.

आरूचा नंबर आला. तिला धुतलेला फ्रॉक आणि डोक्यावर एवढं तेल घातलं होतं की कपाळ चमकत होतं. बालवाडीच्या बाई चांगल्या आहेत, हे सांगायला हवं. सकाळपासून बोलून त्यांचा घसा बसला होता, तरी त्या हसून खाली बसल्या. नाव काय बाळा तुझं? आरूनं चपलेच्या अंगठ्याकडे पाहिलं. हा चेंडू कुठल्या रंगाचा? ओठ मिटलेलेच. हे बघ मांजर, मांजर कसं करतं? मागून दोन-तीन मुलांनीच म्याव केलं आणि सगळे हसले. आरूचा हात रेश्माच्या साडीत गेला. बाईंनी तिच्या गालाला हात लावला आणि रेश्माला म्हणाल्या, असू द्या, लहान आहे, पुढच्या वर्षी आणा.

 मागे उभ्या असलेल्या भागाआजींनी आरूचं दुसरं मनगट धरलं, घरी जायला. सतरंजीच्या कडेला बसलेली कुणीतरी बाई शेजारणीला विचारत होती, “मुकी हाय का ती?”

ते मला ऐकू आलं, म्हणजे आजींनाही आलंच. त्यांचा चेहरा तसाच राहिला, पण मनगटावरची पकड घट्ट झालेली मी पाहिली. रेश्मानं माझ्याकडे पाहिलं. काही मागत नव्हती. ओळखीचं माणूस दिसावं म्हणून पाहतात तसं.

आता आरू दुसरीत आहे. तिच्या वर्गातल्या बाई दुकानात येतात तेव्हा तक्रार करतात की तिला गप्प बस म्हणून म्हणून त्यांचं डोकं दुखतं. आज सकाळी ती दुकानासमोरून गेली, एका मैत्रिणीला काहीतरी समजावून सांगत, उलटी चालत. तिच्या पिशवीतल्या डब्यावर आरोही असं नाव आहे, ते मीच घातलंय. ह-ची दीर्घ वेलांटी जरा वाकडी झाली, कारण भागाआजी समोर उभ्या राहून, मोठं घाला, मोठं, असं सांगत होत्या.

पण चैत्रात लिंबाची फुलं पातेल्यात पडायला लागली की मला डब्यावर नाव पडण्याआधीची, मेळाव्यातली ती वेळच आठवते. मी खुर्चीवरून उठले होते. पेन हातातच होतं. टेबलापासून सतरंजीपर्यंत जाताना सगळं अंगण माझ्याकडे वळलेलं मला कानांना जाणवत होतं. काय म्हणायचं ते मनात इंग्रजीत आलं, मग पुस्तकातल्या मराठीत आलं, आणि दोन्ही वेळा ते शब्द मला माझे वाटले नाहीत. वाटेत चिंचेची एक डहाळी पडली होती. ती मी उचलली. आरूसमोर खाली बसले, पण तिच्याकडे पाहिलं नाही. डहाळीकडे पाहिलं. दोन्ही बाजूंची इवली पानं तशीच ओळीनं उभी होती. आवाज निघाला तो थेट अप्पांसारखा, दुकानाच्या पायरीवरचा, सगळ्यांना ऐकू जाईल एवढा मोठा.

“आरू, ही एवढी लेकरं रांगेनं कुठं निघालीत गं?”